सहाव्या दिवशीचे पाहुणे

वयनी,

तुम्हाला जाऊन सहावा दिवस होता, त्या दिवशी मी समुद्राकाठचे, पर्यटकांना भाड्याने द्यायचे घर उघडले आणि पाहुण्यांना आत घेतले. घरात सुतक होते. बारावे व्हायला अजून सहा दिवस अवकाश होता. वाड्यावर कुणी तोंडावर बोलले नाही. बोलण्यासारखे काही नव्हते असे मात्र नाही. तुमच्या माघारी मी एकटीने घेतलेला हा पहिलाच निर्णय. तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला दुसरे काही सुचत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

लिहिण्याची मला सवय नाही. डिचोलीच्या शाळेत चौतीस वर्षे मुलांच्या निबंधांतल्या चुका काढल्या, स्वतःचा निबंध एकदाही लिहिला नाही. शिवाय तुम्ही इथे असतात तर पहिल्याच ओळीला हसला असतात. "कोंकणीन उलयता, मराठींत बरयता. मगे न्हीद खंयचे भाशेंत पडटा गो तुका?" म्हणजे झोप कुठल्या भाषेत लागते, असे तुम्ही मला एकदा विचारले होते. तुमचे शब्द मी तुमच्या बोलीतच ठेवते. माझे मराठीत उमटतात, त्याला इलाज नाही.

तुमच्या शेवटच्या दोन दिवसांविषयी मी काही लिहिणार नाही. आजारपणाच्या गोष्टी तुम्हाला आवडत नसत. कुणी सांगू लागले की तुम्ही चहा ठेवायला उठत असा.

मी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही डिचोलीला आलात. माझे यजमान, म्हणजे तुमचे धाकटे दीर, जाऊन तेव्हा बरीच वर्षे लोटली होती. भावोजींना जाऊन तीन. दोघी जावा, दोघी एकट्या, तुम्ही मांद्र्याला, मी डिचोलीला, आणि मध्ये तीन बसगाड्यांचे अंतर. पाळीच्या खाणींकडून येणाऱ्या ट्रकांची तांबडी धूळ माझ्या जनेलावर बसली होती. तुम्ही पदराने एक तावदान पुसलेत, बाहेर पाहिलेत आणि म्हणालात, "हांगा बसून किदें पळयतलें तूं? ट्रक?"

"आता वाचन करीन म्हणते," मी म्हणाले.

"कर मगे. मांद्र्यां येवन कर. म्हजे पावणे इंग्लीश कागद धाडटात, ते वाच. म्हाका चवथीपरस फुडें येयना, आनी म्हजो विनय पुण्यांत बसून किदें किदें बरयता देव जाणा."

तुम्ही 'ये' म्हणाला नाहीत. काम सांगितलेत. माझ्यासारख्या माणसाला नुसते बोलावले असते तर मी शंभर कारणे काढली असती, हे तुम्हाला कसे कळले होते कोण जाणे.

साठाव्या वर्षी मी चादर कशी झटकावी हे शिकले. न्हाणीघरातली वाळू पाण्याने ढकलायची नाही, आधी झाडून काढायची, नाहीतर मोरी तुंबते. खाऱ्या वाऱ्याने कुलपे धरतात, म्हणून दर पंधरवड्याला त्यांत खोबरेलाचा थेंब सोडायचा. चार दिवस घर बंद राहिले की विहिरीचे पाणी नळाला तांबूस येते, म्हणून पाहुणे पोचण्याआधी प्रत्येक नळ सोडून बघायचा. हे सगळे तुम्ही मला एकदाच सांगितलेत, दुसऱ्यांदा विचारले की म्हणत असा, "मास्तरीण तूं मूं? भुरग्यांक कितले फावटीं सांगतालें?" मुलांना मी दहा वेळा सांगत असे, पण इथे वहीत लिहून घेऊ लागले. ती वही पाहून तुम्ही शेजारच्या तीन घरांत सांगून आलात, की म्हजी जाव मोरीचो अभ्यास करता.

पाहुणे आले की मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहत असे. अनोळखी माणसांसमोर माझा आवाज घशातच राहतो. वर्गात तो राहत नसे, कारण तिथे खडू हातात असे. तुम्ही मात्र पायरीवर उभ्या. प्रत्येकाला तेच तीन प्रश्न: "खंयचे तुमी? वाट चुकूंक ना मूं? जेवले?" मोरजीच्या वाटेने आलेल्या एका रशियन गृहस्थालाही तुम्ही तेच विचारलेत, आणि त्याने तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पोटावर हात फिरवून बरोबर दिले. एकदा कुणीतरी अभिप्रायात लिहिले, की घर स्वच्छ आहे, पण मालकीणबाई फार चौकशी करतात. मी तो तुम्हाला भीतभीत वाचून दाखवला. तुम्ही तांदूळ निवडत होतात. "बरें जालें," म्हणालात, "म्हणजे तांकां कळ्ळें, घरांत कोण तरी आसा म्हण."

आपले वाद पुष्कळ झाले. घराची माहिती लिहायला बसले तेव्हा विनयने सांगितले होते, समुद्र दिसतो असे लिही, सगळे तसेच लिहितात. तुम्ही ऐकले नाहीत. "सुरूच्या झाडांनी दिसना. आयकूंक येता अशें बरय." मी म्हणाले, अशा जाहिरातीला कोण येईल? तुम्ही म्हणालात, कान आशिल्लीं येतलीं. मी तसे लिहिले, आणि खरोखरच काहीजण त्या एका ओळीसाठी आले, हे मी तुमच्याजवळ कधी कबूल केले नाही. आज करते. विनयने पुण्याहून आकड्यांचे कुलूप असलेली चावीची पेटी पाठवली, म्हणजे पाहुण्यांनी यावे, आकडे फिरवावेत, चावी घ्यावी, आपल्याला जावे लागू नये. "घर म्हणल्यार पोस्टाची पेटी काय गो?" तुम्ही ती पेटी विहिरीजवळच्या कोनाड्यात ठेवलीत आणि तिच्यात साबणाची वडी घातलीत.

पण एका गोष्टीवर आपण पाच वर्षांत एकदाही वाद घातला नाही, आणि वादाची खरी गोष्ट तीच होती.

आठ वर्षांपूर्वी भावोजी गेले, तेव्हा मी डिचोलीहून आले होते. ते दोन वर्षे अंथरुणावर होते. जो तो येऊन हेच म्हणत होता: "सुटलो बिचारो. तूंय सुटलें." तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात आणि प्रत्येकाला मान डोलावत होतात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मला केळीची पाने आणायला माडांच्या बागेत पाठवले. बागेच्या टोकाला समुद्राकाठचे घर. त्याच्या व्हरांड्यात बेळगावकडचे एक जोडपे जेवत बसले होते. लग्न होऊन आठवडाही झाला नसावा. मुलीच्या हातावरची मेंदी गडद होती. तळलेल्या इसवण मासळीचा वास पार विहिरीपर्यंत येत होता. आणि मागच्या दारात तुम्ही, बांगड्या उतरलेल्या हातांनी, घडी केलेले टॉवेल छातीशी धरून उभ्या.

आयुष्यात मी आवाज चढवला तो तेवढ्या एकदाच. "वयनी, घरात सुतक आहे. भावोजींना जाऊन तीन दिवस झाले नाहीत, आणि तुम्ही मासळी तळून वाढता? त्या मुलीची मेंदी उतरलेली नाही. सुतकाच्या घरचे आपण जेवलो हे तिला उद्या कळले तर ती काय म्हणेल? भावोजींची तरी थोडी चाड बाळगायची!"

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. रागाने नाही, कशाने ते मला तेव्हा समजले नाही. "पावणे उपाशी दवरूं?" एवढेच म्हणालात, आणि टॉवेल ठेवायला आत गेलात.

नंतर तुम्ही त्याविषयी कधी बोलला नाहीत. तीन वर्षांनी स्वतः होऊन मला घ्यायला आलात. तुम्ही विसरलात किंवा मला क्षमा केलीत, असे मी धरून चालले. आपले बोलणे कठोर होते, पण बरोबर होते, याविषयी मला शंका नव्हती.

आता तुमच्या तिसऱ्या दिवसाची गोष्ट. विनय क्रियेला बसला होता. दुपारी तो फोन घेऊन माझ्यापाशी आला. "काकी, शनिवारी कोल्हापूरचं बुकिंग आहे. कोणी पाटील. आई, मुलगा, सून. मी रद्द करून टाकतो."

मी फोनवरचे नाव वाचू लागले.

"आणि हे एक झालं की पुढचंही बघू. घरं चालवायला घेणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांचीच माणसं येतात, साफसफाई करतात, सगळं बघतात. तू एकटी कशाला त्रास घेतेस?"

त्याच्या बोलण्यात लोभ नव्हता, वयनी. माझी काळजी होती, आणि त्याला पुण्याला परतायचे होते. पण मला दिसत होते, की शनिवारी घर उघडले नाही, तर ते पुन्हा आपल्या हातांनी उघडणार नाही. कंपनीची माणसे येतील, दारावर आकड्यांची पेटी बसेल, आणि मी माझी वही घेऊन डिचोलीला जाईन. एरवी मी 'बरे' म्हणाले असते. मला आयुष्यभर 'बरे' म्हणणे सोपे गेले आहे.

पण त्या पाटलांची चिठ्ठी मीच तुम्हाला वाचून दाखवली होती. मुलाने लिहिले होते: आईने अजून समुद्र पाहिलेला नाही, तिचे गुडघे दुखतात, घराला पायऱ्या किती आहेत? तुम्ही चपला घालून बागेत गेलात, मोजून आलात. "तीन. पयली मातशी उंच आसा, तशें बरय." मी लिहिले. संध्याकाळी गेले तेव्हा तुम्ही पहिल्या पायरीपुढे एक चिरा ओढून आणून ठेवला होता आणि त्यावर चढून-उतरून बघत होतात.

"रद्द करू नकोस," मी विनयला म्हणाले. "मी बघते."

"तू?"

"मी."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचे चुकले नाही. आरशात मीही स्वतःकडे तसेच बघितले असते.

मी मनाशी ठरवले, की घर उघडायचे, पण तुम्ही केलेत तसे नाही. आपल्या चुलीवरचे काही पाहुण्यांना द्यायचे नाही, आणि जे आहे ते त्यांना आधी सांगायचे. खरे सांगते, या ठरवण्यात थोडा ताठाही होता. तुमची चूक तुमच्या माघारी मी दुरुस्त करते आहे, असे मला वाटत होते.

आपल्या वाड्यावरची सगळी घरे भावकीतली. सुतक सगळ्यांनाच, म्हणून वाड्यावर कुणाला सांगून उपयोग नव्हता. बांध ओलांडून मी पलीकडच्या वाड्यावर शेवंतीकडे गेले. देवळाजवळ तिची लहानशी खाणावळ आहे, आणि आपल्या घरी तिचे येणे-जाणे आहे एवढेच मला ठाऊक होते. ती कोळंबी सोलत होती. हात न थांबवता तिने मान वर केली.

मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. "शेवंती, शनिवारी पाहुणे यायचे आहेत. सुतक आहे, तर जेवण तुझ्याकडून..."

"तीन दीस मूं?" ती म्हणाली. "फाटले खेपेक तीनूच आसले. डबो बांधावयल्यान हाडूं, फाटल्या दारान? तशेंच?"

"मागल्या खेपेला म्हणजे?"

"दादा गेल्लो तेन्ना." भावोजींना ती दादाच म्हणते. "तीं बेळगांवचीं न्हवरो-व्हंकल आशिल्लीं न्हय?" आता तिचे हात थांबले. "तुमकां खबर ना? तीनूय दीस जेवण म्हज्या रांदणीवयलें. वयनीन टोपाक हातूय लावंक ना. हांगाच, तुमी उबीं आसात थंयच उबी रावताली. भितर ये म्हणल्यार ना. सुतक म्हणटाली. भायल्यान सांगताली, आज इसवण तळ, बारीक नुस्तें नाका, ते चलयेक कांटे काडूंक येयनात."

मी तिच्या अंगणातल्या दगडावर बसले. तिने पाणी आणले, तेही मला बराच वेळ दिसले नाही.

ती मासळी, मुलीला काटे काढता येत नाहीत म्हणून मोठी निवडलेली, आपल्या घरात तळलेली नव्हती. पलीकडच्या वाड्यावर तळून, बांधावरून, मागच्या दाराने आली होती. त्या मुलीचा नेम तिच्या नकळत तुम्ही सांभाळला होतात. तिसऱ्या दिवशीची विधवा घराबाहेर पडली म्हणून लोक बोलतील हे पत्करून तुम्ही तीन दिवस त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिलात, व्हरांड्यात त्या नव्या जोडप्यासमोर एकदाही आला नाहीत, आणि मागच्या दारात मी तुम्हाला गाठून भावोजींची चाड शिकवली. एक वाक्य पुरे होते, वयनी. 'शेवंतीकडचें तें' एवढे म्हणाला असतात तर मी तिथल्या तिथे गप्प झाले असते. तुम्ही का म्हणाला नाहीत, या प्रश्नापाशी मी पुढचे दिवस अडले.

दुसऱ्या दिवशी, तुमच्या चौथ्याला, कोल्हापूरला फोन केला. पाच वर्षांत पाहुण्यांना मी पत्रे आणि निरोप शेकड्यांनी लिहिले, फोन एकदाही केला नव्हता. काय बोलायचे ते आधी कागदावर उतरवले. मुलाने फोन उचलला. मी कागद वाचला. पलीकडे शांतता, मग दबक्या आवाजात, "आई, त्यांच्याकडं सुतक हाय म्हणत्यात," आणि मग एक खणखणीत आवाज: "आण हिकडं. हां बाई, कोण गेलं?"

"माझ्या थोरल्या जाऊबाई."

"कितवा दिस?"

"आज चौथा."

"लेकरं?"

"मुलगा आहे. तोच करतो आहे सगळे."

"आन् तुमच्या घरात चूल कोण पेटवतंय?"

हा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता. "जेवण पलीकडच्या वाड्यावरून येते," मी म्हणाले. "तुमचेही जेवण तिथूनच येईल, आमच्या हातचे नाही. तरीही तुमच्या मनाला पटत नसेल, तर पुढे कधीही या. आम्ही समजू."

"पुढं कवा?" म्हातारी म्हणाली. "माझं गुडघं पुढल्या सालापतुर थांबायचं न्हाईत. आन् समुद्राला काय सुतक आसतंय व्हय? येतो आमी."

शनिवारी मी पायरीवर उभी होते. तुमचे तीन प्रश्न पाठ केले होते. गाडी थांबली तेव्हा दोनच आठवले. म्हातारी नऊवारीत, उंच, वाकलेली, एका हाताने सुनेला आणि दुसऱ्याने मुलाला धरून. चिऱ्यावर पाय ठेवून थांबली. "ह्यो दगूड ब्येस ठेवलाय."

"जाऊबाईंनी ठेवला," मी म्हणाले. "तुमच्यासाठी. तुमची चिठ्ठी आली तेव्हा."

म्हातारी जितके थांबायला हवे त्याहून थोडी जास्त त्या दगडावर उभी राहिली, मग वर चढली.

तासाभराने तिची सून वाड्यावर, आपल्या राहत्या घरी आली. हातात डबा आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. "आत्तींनी दिलंय," म्हणाली. "घरनं निघतानाच बांधून घेतलंय. सुतकाच्या घरी द्यायचं आसतंय म्हणाल्या. आन् डबा रिकामाच परत द्या, त्यात काय घालू नका, आसं बी सांगितलंय." डब्यात घट्ट पिठले होते, शेंगदाण्याची चटणी होती. सहा दिवसांत मी चव घेऊन जेवले नव्हते. त्या दिवशी जेवले. विनयने दोन भाकरी खाल्ल्या, आणि तिसरी घेताना तो लहान मुलासारखा रडला. क्रियेच्या गडबडीत तो तोवर रडलाच नव्हता.

इथे मला तुमच्याशी भांडायचे आहे. तुम्ही त्या बेळगावच्या मुलीला सांगायला हवे होते. तुम्ही सगळ्यांना वाढलेत, आणि तुमच्या पानात काही वाढायची संधी कुणाला दिली नाहीत. कोण जाणे, तीही मेंदीच्या हातांनी तुमच्याजवळ येऊन बसली असती. तुम्ही म्हणाल, नव्या नवरीला असली बातमी कशाला, तिची पहिली सहल; ही म्हातारी वेगळी, हिने पुष्कळ मरणे पाहिली आहेत. तुमचे म्हणणे खोडून काढता येत नाही. पण मला ते पटतही नाही. त्या उत्तरानंतर तुम्ही चहा ठेवायला उठला असतात आणि वाद तिथेच राहिला असता. तसाच तो राहू दे.

संध्याकाळी आम्ही म्हातारीला सुरूच्या झाडांमधून किनाऱ्यावर नेले. तिने चपला काढल्या, हात जोडले, आणि मग बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "ह्ये आसंच चालू आसतंय?" तिने मला विचारले.

"हो."

"दुपारी बी?"

"दुपारीही."

"कुणी बघाय नसलं तरी?"

मला हसू आले. तुम्ही गेल्यानंतरचे पहिले. मग वाटले, सुतकात किनाऱ्यावर उभे राहून हसलेले कुणी पाहिले तर? मागे वळून पाहिले, कुणी नव्हते. तोवर म्हातारी स्वतःच हसू लागली होती.

तिन्ही दिवस शेवंती बांधावरून डबा घेऊन आली. म्हातारीला मासे आवडले नाहीत, ते तिने शेवंतीला तोंडावर सांगितले. शेवंतीने दुसऱ्या दिवशी घोटलेली तांबडी भाजी आणि उंडे, म्हणजे पोदेराच्या भट्टीतले गोल पाव, आणले. पोदेराचे उंडे म्हातारीला इतके आवडले, की निघताना तिने डझनभर बांधून घेतले. गाडीत बसल्यावर तिने काच खाली केली. "बाई, एकट्या ऱ्हाताय?"

"हो."

"मग पावणे येत जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीहून येताना विनयने विचारले. "काकी, कंपनीला काय सांगू?"

"सांग, घराला माणूस आहे."

"आणि दमलीस की?"

"दमले की तुला सांगीन. तुलाच सांगीन, दुसऱ्या कुणाला नाही."

तो थोडा वेळ डोके पुसत राहिला. "बरं. पण ती चावीची पेटी तरी लावू या ना?"

"तिच्यात साबण आहे."

तुमच्यासारखे बोलले का? कुणास ठाऊक. तो मात्र हसला, आणि मान हलवत आत गेला.

परवा बारावे झाले. भावकी जेवून गेली. शेवटच्या पंगतीला मी आणि शेवंती बसलो. ती एवढे दिवस आली-गेली, पण तिच्याशी सावकाश बोलणे होत नव्हते. मी मनात घोळवत असलेले तिला सांगितले: त्या वेळी मागच्या दारात मी वयनींना काय काय बोलले, आणि ते सगळे चुकीचे होते, आणि त्यांनी मला एका शब्दाने सांगितले नाही. क्षमा मागायची राहिली. आता कुणाकडे मागू?

शेवंती भात कालवत होती. "म्हाका खबर आसा," ती म्हणाली. "तेच सांजे वयनी म्हज्या दारांत येवन रडिल्ली. दादा गेल्याउपरांत पयलेच फावट. म्हणटाली, मास्तरीण म्हजेर तापली गो. सगलीं म्हणटात सुटलो, सुटलो. एकलें तरी म्हज्या घोवाखातीर झगडलें."

एक तरी आपल्या नवऱ्यासाठी भांडली, असे तुम्ही म्हणाला होतात, हे ऐकून मी हातातला घास पानात ठेवला. "मग खरे काय ते मला का नाही सांगितले त्यांनी?"

"सांगिल्लें जाल्यार तुमचो राग गेल्लो न्हय?" शेवंती म्हणाली. "तिका तो जाय आशिल्लो."

तुम्हाला माझा तो राग हवा होता. शेवंतीच्या पानावरचा भात संपला होता. मी वाढायला उठले.